वाटप, ताबा आणि मुक्ती : कर्नलच्या ध्वनि-ड्रायव्हरांतील स्मृतिवाटपाच्या शब्दांचा इतिहास

१

‘वाटणी’ आणि ‘वाटप’ हे शब्द एकाच धातूपासून सिद्ध झालेले असले, तरी व्यवहारात त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. वाटणी हक्कदारांची असते. भावाभावांत जमिनीची वाटणी होते. वाटप करणारा कोणी अधिकारी असतो, आणि ज्याला वाटा मिळतो त्याचा त्या वस्तूवर आधीपासून हक्क असतोच असे नाही. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात निघोजे हे गाव आहे. या गावाच्या परिसरात हे दोन्ही शब्द जमिनीलाच लागलेले दिसतात. एकीकडे कुटुंबाकुटुंबांतून विभागत आलेली शेतजमीन आहे, आणि दुसरीकडे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पाडलेले भूखंड आहेत. चाकण औद्योगिक क्षेत्रातील फोल्क्सवॅगन व महिंद्र या मोटार कारखान्यांच्या पत्त्यांत निघोजे हे नाव येते. त्यांपैकी पहिल्या कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले.

आजच्या मोटारगाडीत पडदा असतो, त्यामागे लहानसा संगणक असतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो लिनक्स अथवा लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेल्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतो. गाणे, दूरध्वनीवरील संभाषण आणि मार्ग सांगणारा आवाज हे सर्व या प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, ध्वनि-ड्रायव्हरामधून जाते. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारगाड्यांना आसनपट्ट्याचे स्मरण देणारी, वेगमर्यादेची आणि मागे गाडी घेतानाची सूचना अनिवार्य झाली. पुष्कळ गाड्यांत अशा सूचनांचा आवाज स्वतंत्र नियंत्रकाकडे सोपविलेला असतो. परंतु जेथे तो त्याच ध्वनियंत्रणेतून काढला जातो, तेथे ड्रायव्हर मध्येच थांबला तर केवळ गाणे तुटते असे नाही.

ड्रायव्हरला काम करण्यासाठी स्मृती लागते आणि ती कर्नलकडून मागून घ्यावी लागते. ही मागणी करणारे शब्द अनेक आहेत. त्यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा हा प्रश्न ड्रायव्हरच्या संहितेचे परीक्षण करताना वारंवार उपस्थित होतो. हे शब्द कसे घडले, आणि त्यांच्या निवडीतून परीक्षकाने काय वाचावयाचे असते, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. प्रश्न यंत्रशास्त्राचा आहे हे खरे. तथापि तो नामकरणाचा आणि अर्थाचाही आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

२

प्रथम तुकड्यांचा प्रश्न घेऊ. १९४७ साली मुंबई राज्यात धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांचे एकत्रीकरण करणारा अधिनियम झाला. लोक त्याला तुकडेबंदी कायदा म्हणतात. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तो ‘तुकडा’, अशी त्याची कल्पना होती. एकूण जमीन पुरेशी असूनही ती लहान लहान, परस्परांपासून दूर अशा तुकड्यांत विखुरली तर ती कसण्यास निरुपयोगी ठरते, हे त्यामागील कारण.

संगणकाच्या स्मृतीची अडचण हीच आहे. एकूण मोकळी स्मृती विपुल असते, पण सलग मोठा पट्टा मिळत नाही. १९६५ मध्ये केनेथ नोल्टन यांनी यावर एक रीत प्रसिद्ध केली. स्मृतीचा मोठा खंड निम्मा, पुन्हा निम्मा असा विभागीत जावयाचे, आणि एकाच खंडापासून झालेले दोन जोडीदार मोकळे झाले की त्यांचे पुन्हा एकत्रीकरण करावयाचे. लिनक्समधील पानांचे वाटप मुख्यतः या रीतीने चालते. तेथे एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे असते.

परंतु ड्रायव्हरच्या बहुतेक मागण्या पानाहून पुष्कळ लहान असतात. १९९४ मध्ये जेफ बॉन्विक यांनी सन कंपनीच्या प्रणालीसाठी ‘स्लॅब’ नावाची योजना मांडली. तीत पाने आधी घेऊन त्यांचे ठराविक मापांचे कप्पे करून ठेवतात. लिनक्सने ही कल्पना स्वीकारली. तिचे ख्रिस्तोफ लॅमेटर यांनी केलेले ‘स्लब’ हे रूप २००७ मध्ये लिनक्समध्ये आले. जुना स्लॅब २०२४ मध्ये कर्नलमधून काढून टाकण्यात आला. या योजनेचा एक परिणाम परीक्षकाने ध्यानात ठेवावयास हवा. कप्प्यांची मापे ठरलेली असल्यामुळे ४,१०० बाइट मागणाऱ्यास ८,१९२ बाइटांचा कप्पा मिळतो. संहितेत लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष खर्ची पडलेली स्मृती ह्या भिन्न गोष्टी आहेत.

सलगतेचा आग्रह कोठे धरावयाचा हेही येथेच ठरते. ‘के-मॅलॉक’ या शब्दाने मागितलेली स्मृती भौतिक दृष्ट्या सलग असते. ‘व्ही-मॅलॉक’ने मागितलेली स्मृती ड्रायव्हरला सलग भासते, पण तिची पाने विखुरलेली असू शकतात. ध्वनियंत्र मध्यवर्ती प्रक्रियकाला न विचारता स्मृतीतून थेट नमुने उचलत असेल, आणि पत्त्यांची जुळणी करून देणारी सोय त्यास नसेल, तर त्याला खरोखरच सलग पट्टा लागतो. उलट यूएसबीवरून जाणाऱ्या ध्वनीचे नमुने ड्रायव्हर स्वतः मधल्या बफरमधून पुढच्या पुडक्यांत नकलून घेतो. म्हणून त्या मधल्या बफरसाठी यूएसबी ध्वनि-ड्रायव्हरने व्ही-मॅलॉकची स्मृती वापरली. नमुन्यांचा हिशेब पाहिला म्हणजे प्रमाण कळते. सेकंदाला ४८,००० नमुने, दोन वाहिन्या आणि प्रत्येक नमुना दोन बाइटांचा धरला, तर सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात. ४,०९६ बाइटांच्या एका पानात सुमारे २१ मिलिसेकंदांचा ध्वनी मावतो आणि ६५,५३६ बाइटांच्या बफरात सुमारे ३४१ मिलिसेकंदांचा. गाडी नुकतीच सुरू झाली असता एवढा सलग पट्टा सहज मिळतो. पण प्रणाली कित्येक तास चालल्यावर मिळेलच असे नाही. यास्तव ध्वनि-ड्रायव्हरांत असा बफर आरंभीच राखून ठेवण्याची प्रथा पडली.

३

लिनक्समधील ध्वनीच्या कामाचा आरंभ १९९२ च्या सुमारास हान्नु सावोलाइनेन यांच्या ड्रायव्हरापासून झाला. त्यातूनच पुढे ओएसएस ही व्यवस्था निर्माण झाली. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी ‘आल्सा’ हा नवा प्रकल्प सुरू केला. तो प्रथम कर्नलच्या बाहेर वाढला, २००२ मध्ये विकसनावस्थेतील कर्नलमध्ये आला, आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती पडला.

बाहेर वाढलेल्या आल्साने स्वतःची बोली आणली होती. स्मृती मागण्यासाठी तिचे स्वतःचे शब्द होते. सर्वसाधारण शब्दांमागे ‘एस-एन-डी’ हा उपसर्ग लावून ते केलेले असत. ही बोली केवळ वेगळेपणाची हौस नव्हती. शोधकामाची सोय चालू केली असता या शब्दांमधून घेतलेल्या प्रत्येक वाटपाची नोंद राही, आणि ड्रायव्हर काढून घेताना किती स्मृती परत केली गेली नाही ते सांगितले जाई. दिलेल्या वस्तूवर खूण उमटवून ती योग्य जातीची आहे की नाही हे पडताळणारे ‘मॅजिक’ शब्दही तीत होते.

२००४ व २००५ या वर्षांत ही बोली मागे पडली. आल्साचे प्रमुख परिरक्षक ताकाशी इवाई यांनी खुणेचे शब्द काढले. पाठोपाठ आल्साचा स्वतःचा कॅलॉक जाऊन त्याच्या जागी कर्नलचा सामान्य ‘के-कॅलॉक’ आला. सामान्य के-कॅलॉक दोन संख्या मागतो : नग किती आणि प्रत्येक नग केवढा. ड्रायव्हरला बहुधा एकच नग हवा असे. परिणामी ‘एक नग, एवढ्या आकाराचा’ असे निरर्थक ‘एक’ ठिकठिकाणी लिहावे लागे. २००५ मध्ये पेक्का एनबर्ग यांनी ‘के-झॅलॉक’ हा शब्द कर्नलमध्ये आणला. त्याचा अर्थ ‘स्मृती द्या आणि ती शून्याने भरून द्या’ असा. त्याच वर्षी इवाई यांनी ध्वनिविभागात सर्वत्र त्याचा स्वीकार केला, आणि ते ‘एक’ नाहीसे झाले.

शून्याने भरणे ही स्वच्छतेची बाब वाटेल, पण तीत सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. के-मॅलॉकने दिलेल्या कप्प्यात पूर्वीच्या धारकाची माहिती तशीच पडलेली असते. ड्रायव्हरने त्या कप्प्यातील काही जागा न भरताच तो वापरणाऱ्या कार्यक्रमाकडे पाठविला, तर दुसऱ्याचे गुपित बाहेर जाते. परीक्षकाने के-मॅलॉक दिसताच विचारावयाचा प्रश्न असा : येथे प्रत्येक बाइट लिहिला जाणार आहे का? उत्तर निश्चित ‘होय’ नसेल, तर के-झॅलॉक हाच योग्य शब्द होय.

के-कॅलॉकमधील दुसरी संख्याही पुढे उपयोगी ठरली. नगांची संख्या आणि आकार यांचा गुणाकार ड्रायव्हरनेच करून पाठविला, तर तो मर्यादेबाहेर जाऊन लहान होऊ शकतो. बत्तीस बिटांच्या प्रणालीत १६ बाइटांचे २६,८४,३५,४५७ नग मागितले, तर गुणाकार ओसंडून केवळ १६ उरतो. मागणाऱ्यास वाटते कोट्यवधी नग मिळाले. प्रत्यक्षात हाती एकच आलेला असतो, आणि लेखन शेजाऱ्याच्या स्मृतीवर होते. के-कॅलॉक व २०१२ मध्ये आलेला के-मॅलॉक-ॲरे हे गुणाकार स्वतः करतात आणि तो ओसंडला तर मागणी नाकारतात. २०१८ मध्ये कीस कुक यांनी संपूर्ण कर्नलमधील असे उघडे गुणाकार शोधून ते या शब्दांत बदलले. त्या कामी ज्युलिया लॉवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्माण केलेले ‘कॉक्सिनेल’ हे साधन वापरले गेले.

ह्या इतिहासात एक दिशा स्पष्ट दिसते. पूर्वी जी दक्षता संदर्भावर व लेखकाच्या स्मरणावर सोपविलेली होती ती हळूहळू शब्दाच्या रूपात बांधली गेली. भाषेच्या इतिहासात स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय होतात, आणि जे पूर्वी ऐच्छिक होते ते व्याकरणाने अनिवार्य होते. येथील प्रक्रिया त्याहून भिन्न आहे, कारण ती जाणीवपूर्वक घडविलेली आहे. तरी परिणाम सदृश आहे.

४

दुसरा प्रश्न थांबण्याचा. स्मृती मागताना शब्दाबरोबर एक निशाणी द्यावी लागते. ‘जीएफपी-कर्नल’ या निशाणीचा आशय असा की स्मृती नसेल तर मी थांबतो. ती मोकळी करून द्या. ‘जीएफपी-अटॉमिक’चा आशय असा की मला थांबता येणार नाही, राखीव साठ्यातून का होईना, आत्ता द्या, अन्यथा नाही म्हणा.

ध्वनि-ड्रायव्हरच्या जीवनक्रमात कोठे थांबता येते आणि कोठे नाही हे ठरलेले आहे. यंत्र उघडताना व ध्वनीचे माप ठरविताना थांबता येते. प्रत्यक्ष वादन सुरू करण्याच्या आणि नमुने कोठवर वाजले हे सांगण्याच्या क्षणी मात्र सामान्यतः थांबता येत नाही, कारण तेथे कुलूप धरलेले असते. काही मंदगती यंत्रांसाठी २०१४ मध्ये हे बंधन सैल करण्याची सोय झाली, पण मूळ नियम कायम आहे. थांबू नये तेथे जीएफपी-कर्नल लिहिले तर प्रणाली अडकून पडू शकते. ही चूक फसवी असते, कारण पुरेशी स्मृती मोकळी असेतोवर थांबण्याचा प्रसंग येत नाही आणि परीक्षेच्या मेजावर सारे सुरळीत चालते.

यावर जीएफपी-अटॉमिक लिहून मोकळे होणे हा सोपा मार्ग दिसतो. परीक्षकाने त्यावर सहसा संतुष्ट होऊ नये. राखीव साठा सर्वांसाठी असतो, आणि त्यातून मिळालेला नकार वादन सुरू होण्याच्या क्षणी येतो. बहुतेक वेळी योग्य उत्तर निशाणी बदलण्याचे नसून जागा बदलण्याचे असते : जेथे थांबता येते तेथेच, आधी, मागून ठेवावे. मात्र तेथेही एक खाच आहे. माप ठरविण्याचा टप्पा एकाच वादनापूर्वी अनेकदा येऊ शकतो. प्रत्येक वेळी नवा बफर घेतला आणि जुना सोडला नाही, तर स्मृती झिरपत जाते. २०२० मधील ५.५ या आवृत्तीपासून हा बफर घेण्याचे व सोडण्याचे काम आल्साच्या गाभ्याकडेच सोपविण्याची सोय झाली, आणि असंख्य ड्रायव्हरांतील त्याच त्या ओळी गळाल्या.

५

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे : घेतलेले परत कोणी करावयाचे? ‘मी त्याला पुस्तक दिले’ या मराठी वाक्यात पुस्तक परत यावयाचे आहे की नाही हे कळत नाही. ‘वाचायला दिले’ म्हटले की कळते. जमिनीच्या व्यवहारात आपण ‘मालकी’ आणि ‘ताबा’ असे दोन शब्द काळजीपूर्वक वेगळे ठेवतो, आणि हक्कात बदल झाला की ‘फेरफार’ नोंदवितो. सी भाषेतील साध्या पत्त्यात यांपैकी काहीच नोंदलेले नसते. पत्ता ज्याच्या हाती आहे तो मालक आहे, ताबेदार आहे, की नुसता पाहणारा आहे, हे पत्त्यावरून समजत नाही.

२०१६ मध्ये आंद्रेई कोनोवालोव्ह यांनी यूएसबी-मिडी ड्रायव्हरमधील एक दोष उघड केला आणि दुरुस्त केला. तो २०१६-२३८४ या सीव्हीई क्रमांकाने नोंदला गेला आहे. ड्रायव्हर एक वस्तू निर्माण करी, आणि पुढे मिडीचे यंत्र नोंदविताना ती वस्तू मोकळी करण्याची जबाबदारी त्या यंत्राकडे जाई. त्यानंतर काही अडचण आली, तर निर्माण करणारे फलन जुन्या समजुतीने ती वस्तू स्वतः मोकळी करी, आणि यंत्र मोडताना ती पुन्हा मोकळी केली जाई. म्हणजे फेरफार झाला होता, पण जुना धारक त्याच जमिनीचा व्यवहार करीत राहिला. मुद्दाम सदोष वर्णन देणारे यूएसबी साधन जोडून कर्नल पाडणे यामुळे शक्य होते. दुरुस्ती नवा शब्द आणून झाली नाही. नोंदणीनंतरच्या वाटेवर मुक्तीची ओळ नको, एवढेच ओळखावे लागले. मोटारीतही यूएसबीची खाच असते आणि तीत कोण काय खुपसील याचा नेम नसतो, हे आठवले म्हणजे या एका ओळीचे मोल कळेल.

मुक्तीची जबाबदारीही शब्दात बांधण्याचा प्रयत्न झाला आहे. २००७ मध्ये तेजुन हिओ यांनी कर्नलमध्ये यंत्राधीन साधनांची योजना आणली. ‘डेव्ह-एम’ या उपपदाने मागितलेली स्मृती यंत्राच्या नावे जमा होते, आणि यंत्र सुटले की घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप मोकळी होते. मुक्तीच्या ओळी विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. मोटारी व भ्रमणध्वनी यांतील ध्वनि-ड्रायव्हरांत ती सर्वत्र पसरली. २०२१ मध्ये इवाई यांनी खुद्द ध्वनि-कार्डाचेच असे यंत्राधीन रूप आणले आणि अनेक जुने ड्रायव्हर त्यात बदलले.

लगेच पुढच्या वर्षी त्याची दुसरी बाजू दिसली. मुक्ती उलट क्रमाने होते, आणि कार्ड तर बहुधा प्रथम निर्माण केलेले असते. यंत्र सिद्ध होत असताना मध्येच अडचण आली, तर नंतर घेतलेली साधने आधी जातात आणि कार्ड शेवटी जाते. कार्डाच्या मुक्तीच्या वेळी ड्रायव्हरची जी आवराआवर चालावयाची, तिला लागणारी साधने तोवर गेलेली असतात. एप्रिल २०२२ मध्ये अडचणीच्या वाटेवर कार्ड आधी मोकळे करणारे एक लहान साहाय्यक फलन इवाई यांनी जोडले आणि कित्येक ड्रायव्हर पुन्हा दुरुस्त केले. त्याच वर्षी लॉरां पँशार यांनी लिनक्स प्लंबर्स परिषदेत डेव्ह-एमची स्मृती घातक का ठरते, याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा मुद्दा अधिक व्यापक होता. यंत्र निघून जाते, पण एखादा कार्यक्रम त्या यंत्राची धारिका उघडी धरून बसलेला असतो. स्मृती यंत्राच्या आयुष्याला बांधलेली, आणि तिची गरज मात्र धारिकेच्या आयुष्याला. आल्सामध्ये कार्ड मोकळे करताना उघड्या धारिका बंद होईतो थांबण्याची व्यवस्था आहे. म्हणून तेथे हा धोका पुष्कळ कमी होतो. तथापि ड्रायव्हरने कार्डाशी न जोडता स्वतंत्रपणे घेतलेल्या स्मृतीला हे संरक्षण आपोआप मिळत नाही.

६

वरील इतिहासावरून परीक्षणाच्या दृष्टीने एक भेद हाती येतो. स्मृती शून्याने भरणे आणि गुणाकार तपासणे या गोष्टी मागणीच्या क्षणीच पुऱ्या होतात. म्हणून त्या शब्दात पूर्णतः बांधता आल्या, आणि त्यांची तपासणी कॉक्सिनेलसारख्या साधनाकडे सोपविता आली. सलगता व थांबण्याची मुभा यांचा निर्णय मागणी कोठे व कोणासाठी केली जाते यावर अवलंबून असतो. त्यासाठी आजूबाजूची संहिता वाचावी लागते, पण एखाद्या फलनापुरती वाचली तरी बहुधा चालते. मुक्तीचा प्रश्न मात्र मागणीनंतर कित्येक तासांनी, दुसऱ्याच फलनात सुटतो. तो कोणत्या वस्तूचे आयुष्य कोणत्या वस्तूवर अवलंबून आहे याचा आहे, आणि एका शब्दावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

यामुळे नवशिक्या परीक्षकाचा एक ग्रह दूर व्हावयास हवा. जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द दिसला की संहिता सुधारली, असे तो समजतो. के-मॅलॉकचे के-झॅलॉक करणे हे बहुधा निरुपद्रवी असते. के-झॅलॉकचे डेव्ह-एम रूप करणे हे तसे नाही, कारण त्यात स्मृतीचा धारक बदलतो. तो फेरफार आहे, आणि फेरफार म्हणूनच तपासला पाहिजे : पूर्वी मुक्ती कोठे होत होती, आता कोठे होईल, मधल्या काळात त्या स्मृतीकडे कोण पाहत असेल, आणि अर्ध्या वाटेवर अडचण आली तर क्रम काय राहील.

अडचणीच्या वाटांकडे विशेष लक्ष देण्यास आणखी एक कारण आहे. लहान मागण्यांना लिनक्स सहसा नकार देत नाही. परिणामी नकारानंतरच्या ओळी लिहिलेल्या असतात, पण प्रत्यक्षात क्वचितच चालतात. कर्नलमध्ये मुद्दाम नकार घडवून पाहण्याची सोय आहे, ती याचसाठी. ती न वापरता उत्तीर्ण ठरलेल्या ड्रायव्हरच्या या ओळी वापरणाऱ्याच्या गाडीतच प्रथम चालतील.

चाकणच्या पट्ट्यात आज मोटारींच्या सुट्या भागांइतकाच त्यांच्या संहितेचाही विचार करणारी पिढी घडत आहे, आणि आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थी तीत जात आहेत. मालकी, ताबा, वाटप, फेरफार आणि मुक्ती हे भेद त्यांच्या भाषेत पूर्वीपासून पक्के आहेत. सी भाषेच्या पत्त्यात ते नोंदलेले नसतात. ते परीक्षकाला बाहेरून आणावे लागतात. परीक्षणाच्या टिप्पणीत ‘ही स्मृती कोणाच्या ताब्यात आहे आणि ती कोण मोकळी करणार’ हे वाक्य स्पष्ट लिहिण्याची सवय लागली, तर वर वर्णिलेल्या दोषांपैकी शेवटच्या वर्गातील पुष्कळ दोष छापील संहितेतच सापडतील.